बिनपगारी नोकरीचे नकार

ज्या वकीलसाहेबांकडे मला ज्युनिअर म्हणून ठेवून घ्या असं सांगायला गेलो होतो, त्यांच्याच ऑफिसात, त्यांच्यासमोर बसून, त्यांच्या पक्षकाराला मी सांगितलं की तुम्ही ही केस हरणार.

मला कुणी विचारलं नव्हतं असं नाही. विचारलं होतं. तिथेच तर घोळ झाला.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. एलएलबीचा निकाल लागला होता, सनद हातात आली होती आणि काळा कोट शिवून तयार होता. कोट वडिलांच्या आग्रहामुळे एक माप मोठा शिवला होता, "अजून भरशील" म्हणून. तो घातला की कोटात माणूस आहे हे लोकांना मी बोलल्यावर कळायचं. म्हणजे सनद होती, कोट होता, फक्त सीनियर नव्हता. आणि सीनियरशिवाय नव्या वकिलाला कोर्टात काही काम नसतं. पक्षकार सीनियरकडे येतात, फायली सीनियरच्या कपाटात असतात, कोणत्या कारकुनाला कोणत्या वेळी काहीही विचारायचं नाही हेसुद्धा सीनियरलाच ठाऊक असतं. म्हणून दोन-चार वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काढायची, अशी पद्धत. त्या काळात पगार नसायचा. सीनियर शिकवतो हाच पगार.

नाशिकचे वकील दिवसा कोर्टात आणि संध्याकाळी आपापल्या ऑफिसात. त्यामुळे ही नोकरी संध्याकाळी मागावी लागायची, पक्षकारांच्या बाकावर त्यांच्याच रांगेत बसून. शरणपूर रोडच्या त्या ऑफिसात माझ्या आधी मखमलाबादकडचे एक झेंडूवाले शेतकरी बसले होते. त्यांच्याकडे दोन पिशव्या होत्या. एकीत कागदपत्रं, दुसरीत साहेबांच्या देवघरासाठी झेंडू. साहेबांनी आम्हा दोघांना एकदमच आत घेतलं आणि मला म्हणाले, "बस. ऐक जरा, शिकशील."

शेतकरी सांगायला लागले, "साहेब, वाट आमची हाय. माझा बाप त्याच वाटंनं गाडी न्यायचा. शेजाऱ्याच्या बापाला इचारलं व्हतं त्यानं. तो म्हनला, जा बाबा खुशाल, माझी ना नाय. आता त्याचा पोरगा काटे टाकून बसलाय."

साहेब मान हलवत होते. मग ते हसून माझ्याकडे वळले. "काय वकीलसाहेब, काय वाटतं?"

हा प्रश्न नव्हता, हे मला नंतर समजलं. पक्षकारासमोर सीनियरने असं विचारलं की ज्युनिअरने गंभीर चेहरा करून "केस मजबूत आहे, सर" म्हणायचं आणि चहा सांगायला उठायचं. पण मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी वकीलसाहेब म्हटलं होतं, आणि नेमका हाच विषय मी परीक्षेला तोंडपाठ केला होता.

"सर, हे हरणार," मी म्हणालो. "परवानगी घेऊन वापरलेली वाट कितीही वर्षं वापरली तरी हक्काची होत नाही. आणि परवानगी तर यांनी आत्ताच कबूल केली."

शेतकऱ्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हंजे माझ्या बापानं इचारलं, ती चूक झाली?"

"कायद्याने, हो."

"न इचारता घुसला असता तर बरं झालं असतं?"

"फारच बरं झालं असतं."

त्यांनी थोडा विचार केला आणि कागदांची पिशवी उचलली. दारापर्यंत गेले, परत आले आणि झेंडूचीही उचलली. "येतो साहेब," एवढं म्हणून जिना उतरले.

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं, इतके ते शांत होते. "तू सांगितलंस ते बरोबर आहे," ते म्हणाले. इथे मी खूश झालो, ही माझी त्या संध्याकाळची दुसरी चूक. "त्याने तोंड उघडलं तेव्हाच ते मला कळलं होतं. मी त्याला आणखी दोनदा बोलावणार होतो, चहा पाजणार होतो, शेजाऱ्याला निरोप धाडून दोघांना इथे बसवणार होतो आणि वाट मिळवून देणार होतो. आता तो दुसऱ्या वकिलाकडे जाईल. तो वकील त्याला म्हणेल, जिंकू. मग म्हातारा होईपर्यंत हा कोर्टाच्या पायऱ्या झिजवेल." मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "तू असं कर, दिवाळीनंतर भेट."

मी घरी येऊन सांगितलं की बहुतेक जमलंय, दिवाळीनंतर बोलावलंय. वडिलांनी विचारलं, "दिवाळीनंतर कधी?" ते काही साहेबांनी सांगितलं नव्हतं. "मग नाही म्हणालेत," वडील म्हणाले आणि जेवायला बसले.

वडील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लेथ मशीनवर होते आणि आम्ही राहायचो सिडकोत. माझ्यासाठी त्यांनी आपल्या साहेबांकडे शब्द टाकून ठेवला होता. धडाधड पत्रे कापणाऱ्या यंत्रांच्या प्रेस शॉपला लागून स्टोअर होतं, तिथे मदतनीस हवा होता. दिवाळीचा बोनस वाटून झाला की नवी माणसं घेणार होते. "तोवर तुझं तू बघ," असा करार. तोवर सीनियर मिळाला तर मी वकील. नाही मिळाला तर दिवाळीची सुट्टी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी डबा घेऊन वडिलांबरोबर कंपनीच्या बसमध्ये, आणि काळा कोट कपाटात. एकदा पगार सुरू झाला की तो सोडून फुकट काम शिकायला मी परत येणार नाही, हे वडिलांना माहीत होतं आणि मलाही.

त्या पहिल्या नकारानंतर वडिलांनी भाकरी मोडता मोडता चौकशी केली. "पगार किती देणार होते?"

"पगार नसतो, बाबा."

"मग काय असतं?"

"शिकवतात."

"म्हणजे तू फुकट काम करतो म्हणालास, तरी त्यांनी नको म्हटलं?"

"हो."

त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. "आमच्याकडे फुकट काम मागायला कुणी आला असता, तर युनियनने त्याला आधी डॉक्टरकडे नेलं असतं," ते म्हणाले. "असं केलंस तरी काय तू तिथे?"

मी खरं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. निदान त्यांना बाहेरून कळायची भीती उरली नसती.

पुढचे नकार पटापट मिळाले. एका वकिलांसाठी मी राज्यघटनेची रात्रंदिवस उजळणी केली होती. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "स्कूटर आहे?"

"सायकल आहे, सर."

"सिन्नरच्या कोर्टात तारीख घ्यायला सायकलवर जाशील?"

"जाईन," मी म्हणालो.

त्यांनी टेबलावरून वाकून माझे पाय पाहिले. "आमच्याकडे निकालाला घाई नसते रे," ते म्हणाले, "पण तुझी वाट बघण्याइतकी सवडही नसते."

दुसऱ्या एका साहेबांच्या ऑफिसात खुर्ची रिकामी होती. म्हणजे तिच्यावर फायली होत्या, पण माणूस नव्हता. ते म्हणाले, "ती पुतण्यासाठी आहे." पुतण्या कुठल्या वर्षाला आहे, मी विचारलं. "बारावीला, कॉमर्स. अजून त्याचं ठरलं नाहीये. पण उद्या कायद्याला जावंसं वाटलं तर?" म्हणजे वकील व्हावं असं अजून मनातही न आलेल्या मुलाने मला हरवलं. तो पुढे काय झाला ठाऊक नाही. पण त्या खुर्चीवरच्या फायलींचा मला पुष्कळ दिवस राग होता.

तिसऱ्यांनी माझं नाव ऐकताच "अच्छा, तो तू" म्हटलं, स्पेशल चहा मागवला, आतल्या खोलीतून टायपिस्टला आणि कारकुनाला मला बघायला बोलावलं आणि चहा संपल्यावर दिवाळीनंतर भेटायला सांगितलं.

आपली ख्याती कुठवर गेली आहे हे मला कोर्टाच्या भिंतीलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये कळलं. तिथे टायपिंगवाले ओळीने बसायचे. मी एका काकांकडे अर्ज टाइप करायला दिला. कार्बन लावता लावता ते म्हणाले, "नवे दिसता. जपून राहा. परवा एका पोराने शरणपूर रोडला काय केलं, ऐकलंत ना?"

"नाही," मी म्हणालो. "काय केलं?"

"नोकरी मागायला गेला आणि पक्षकाराला म्हणाला, या वकिलाचं काही खरं नाही, तुम्ही हरणार. पक्षकार रडत रडत खाली. साहेबांचं बीपी वाढलं."

"आणि तो पोरगा?"

"तो महाबिलंदर. जिन्यातच त्या पक्षकाराचं वकीलपत्र स्वतः घेतलं म्हणे."

"पोचलेला दिसतो," मी म्हणालो. खोटं कशाला सांगू, जरा अभिमानच वाटला. एवढी हुशारी माझ्यात असती तर मी अर्ज टाइप करत कशाला फिरलो असतो?

"वाट लागणार त्याची," काका म्हणाले. "हं, नाव सांगा, काय टाकू?"

मी नाव सांगितलं. सुदैवाने त्यांच्यापर्यंत नुसती गोष्ट पोचली होती.

आता हे हसत हसत लिहितोय, पण तेव्हा संध्याकाळी सीबीएसवरून सिडकोची बस मी मुद्दाम सोडायचो. बसने घरी लवकर पोचायचो, आणि चेहरा तेवढ्या वेळात सरळ व्हायचा नाही. त्र्यंबक नाक्यावरून चालत निघालो की घर येईपर्यंत तो बराचसा ठीकठाक व्हायचा. आई दार उघडताना काही विचारायची नाही. ती फक्त हातात पिशवी आहे का, पेढे आहेत का, एवढं बघायची आणि आत वळायची. शेजारच्या काकू मात्र गच्चीवरून मोठ्याने विचारायच्या, "लागलास का रे कुठे?" मी म्हणायचो, "बोलणी चालू आहेत." काकूंना ते मुलगी बघण्याबद्दल वाटलं, आणि त्यांनी एक स्थळ आणलं. मुलीकडच्यांनी आधी नोकरीचं विचारलं. तोही एक नकारच धरायचा.

दिवसा करायला काही नव्हतं, म्हणून मी कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसू लागलो. तिथे पंखा होता आणि हाकलत कुणी नव्हतं. बाहेर व्हरांड्यात मोठे वकील पक्षकारांशी कसं बोलतात तेही कान देऊन ऐकायचो. आणि मला उलगडा झाला. एकही वकील एकाही पक्षकाराला सरळ उत्तर देत नव्हता. "आपली बाजू मजबूत आहे, पण कोर्टाचं काही सांगता येत नाही." "तसं म्हटलं तर अडचण आहे, तसं म्हटलं तर नाही." मला वाटलं, हेच ते, कॉलेजात राहून गेलेलं. मी जिद्दीने सराव सुरू केला. सराव करायला घरचेच होते.

आईने विचारलं, "आमटीत मीठ बरोबर आहे ना?"

मी म्हणालो, "आमटीची बाजू प्रथमदर्शनी मजबूत आहे, पण आत्ताच ठामपणे काही सांगता येणार नाही."

आईने माझ्यापुढची वाटी उचलली. "मग निकाल लागेपर्यंत भाकरी कोरडी खा."

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, यादीतलं शेवटचं नाव म्हणून, मी एका वकीलबाईंकडे गेलो. रविवार कारंज्याजवळ भांड्यांच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. खाली दिवाळीची गर्दी, पितळी समया आणि स्टीलचे डबे रस्त्यापर्यंत आलेले. वर मॅडम, साखळीचा चष्मा, आणि समोर फायली अशा रचलेल्या की बसल्यावर त्यांचं फक्त कपाळ दिसायचं. त्यांनी माझं काहीच विचारलं नाही. एक दावा पुढे सरकवला. "वाच, आणि यात काय कमी आहे ते सांग."

भावाभावांतल्या वाटणीचा दावा होता. जुन्या वकिलांनी केलेला, नुकताच मॅडमकडे आलेला. दुसऱ्याच पानावर लिहिलं होतं की वादीला एक बहीण असून ती लग्नानंतर इगतपुरीस नांदते. आणि पहिल्या पानावर पक्षकारांच्या नावांत ती बहीण कुठेच नव्हती. सगळे भाऊ होते, बहिणीला विसरले होते. वाटणीच्या दाव्यात एकही वारस बाहेर ठेवून चालत नाही. दावा तेवढ्यावरच पडू शकतो. मला ते दिसलं. अगदी लख्ख दिसलं.

आणि मी काय बोललो? मी म्हणालो, "मॅडम, आपली बाजू मजबूत आहे. पण कोर्टाचं काही सांगता येत नाही."

त्या फायलींवरून डोकावल्या. "हे मी रोज लोकांना सांगते. मलाच ते सांगायला माणूस कशाला ठेवू? काही कमी दिसलं का?"

"तसं म्हटलं तर..." मी म्हणालो. "दोन्ही बाजूंनी बघता येईल."

मॅडमनी दावा माझ्या हातातून घेतला, नाडी बांधली आणि म्हणाल्या, "दिवाळीनंतर भेट."

मी खाली आलो. दुकानदाराला गिऱ्हाईक वाटलो, त्याने विचारलं, "काय दाखवू?" मी समयांसमोर उभा राहिलो. जिथे गप्प बसायचं तिथे मी बोललो होतो, जिथे बोलायचं तिथे गप्प बसलो होतो, आणि आता विचारायला कुणीच उरलं नव्हतं. चार दिवसांत बोनस, मग सुट्टी, मग स्टोअर. मला स्टोअरचं वाईट वाटत नव्हतं. वडिलांनी आयुष्य काढलं होतं तिथे. पण उत्तर येत असताना नापास होऊन तिथे जायचं, हे मला गिळवेना. मी वळलो, दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो, दार ढकललं आणि धापा टाकत म्हणालो, "मॅडम, ही केस तुम्ही हरणार."

मघाच्या माझ्या खुर्चीत आता सिन्नरकडचे एक आजोबा बसले होते. टोपी मांडीवर, पिशवी टोपीवर. आजोबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मॅडमकडे. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "माझी?" त्यांनी विचारलं.

मॅडमनी वरही बघितलं नाही. "तुमची नाही हो आजोबा. याची स्वतःची आहे."

"मंग ठीक हाय," आजोबा म्हणाले आणि मला आपादमस्तक न्याहाळलं. "लय लवकर हरला."

मॅडम उठल्या, मला दंडाला धरून बाहेर जिन्यापाशी आणलं आणि दार ओढून घेतलं. "आता बोल. हळू."

"बहीण," मी म्हणालो.

"कुणाची?"

"वादीची. इगतपुरीची. दाव्यात तिचा उल्लेख आहे, पण तिला पक्षकार केलेलं नाही. तिला सामील करून घ्यायचा अर्ज द्यावा लागेल, नाहीतर दावा पडेल."

"हे मघाशी दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"मग गिळलंस कशाला?"

"आधी एका ठिकाणी खरं सांगून बसलो होतो."

मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे झेंडूवाला तूच का?"

मी मान हलवली. त्या पदराने चष्म्याच्या काचा पुसायला लागल्या. एव्हाना मला नकारांचा एवढा सराव झाला होता की खूण ओळखू यायची. नाही म्हणायच्या आधी माणूस हाताला काहीतरी काम देतो. कुणी पेनाचं टोपण लावतो, कुणी नाडी बांधतो. मी स्वतःच एक पायरी उतरलो.

"कुठे निघालास?" मॅडम म्हणाल्या. "सुट्टी संपली की पहिल्या दिवशी साडेदहाला कोर्टात ये. तारखा घ्यायच्या, नकला काढायच्या, फायली वाचायच्या, आणि जे कमी दिसेल ते पक्षकार गेल्यावर मला सांगायचं. पक्षकार खोलीत असताना वर्षभर एक शब्द नाही. नमस्कारसुद्धा मानेने करायचा. जमेल?"

मी "हो" म्हणणार होतो, पण आत आजोबा बसलेले होते, म्हणून मानेनेच सांगितलं.

त्या दिवशी मी बसने घरी गेलो आणि पेढे घेऊन गेलो. आईने पिशवी पाहिली आणि थेट देवापाशी नेली. वडील पहिली पाळी करून आले होते आणि खाटेवर पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं, या वेळी झेंडूसकट. त्यांनी ते अगदी बारकाईने ऐकून घेतलं. मग एक पेढा तोंडात टाकला.

"म्हणजे पगार नाही," ते म्हणाले, "आणि बोलायचंही नाही."

"वर्षभर," मी म्हणालो.

त्यांनी पेढा संपवला आणि पेपरची घडी केली. "गप्पच बसायचं होतं, तर अंबडला काय वाईट होतं? तिथे तू दिवसभर बडबडला असतास, तरी प्रेसच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नसतं."